अर्धी गोळी आणि दोन चमचे व्हिनेगर

प्रश्न

कांदिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे मिस्टर ५२ वर्षांचे, नोकरी फोर्टात. यंदा मधुमेह निघाला, रक्तातल्या साखरेची एचबीए१सी ही तपासणी ८.१ आली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सुरू केली. पुढे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅपल सायडर व्हिनेगरचा व्हिडिओ आला, पाठोपाठ नणंदेचा फोन आला आणि घरात बाटली आली. आता मिस्टर रोज पहाटे उपाशीपोटी दोन चमचे व्हिनेगर घेतात आणि गोळी सुरीने कापून अर्धीच घेतात. "केमिकल कमी करायचंय," म्हणतात. घरच्या मीटरवर उपाशीपोटीची साखर १५४ वरून १३८ वर आली, त्यामुळे त्यांचा विश्वास पक्का झालाय. सासूबाई त्याच व्हिनेगरची पट्टी रात्रभर गुडघ्याला बांधतात, कॉलेजातली मुलगी ते पिंपल्सवर लावते, कामाला येणाऱ्या मावशी त्यानेच ओटा पुसतात. काही बोललं की "तुझा नैसर्गिक गोष्टींवर विश्वासच नाही" हे ऐकावं लागतं. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, "मीच जुनाट विचारांची आहे का? की सरळ बाटली बेसिनमध्ये ओतून टाकू?"

उत्तर

ताई, बाटलीचं नंतर बघू. आधी गोळी.

ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या बऱ्याच गोळ्यांमधलं मेटफॉर्मिन काही तास हळूहळू सुटत राहावं अशा बेताने बनवलेलं असतं. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर किंवा पीआर अशी अक्षरं असतील तर तुमची गोळी त्यातली. अशी गोळी सुरीने कापली की ती रचना मोडू शकते, औषध एकदम सुटतं आणि पुढचे तास कोरडे जातात. मिस्टरांना वाटतंय आपण निम्मं औषध घेतोय. खरं तर कोणत्या वेळी किती औषध अंगात जातंय हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आजच पाकीट बघा, औषधाच्या दुकानात विचारा आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. उद्यापासून पुन्हा अख्खी गोळी घ्यायची का, हेही डॉक्टरांना फोन करून विचारा, मनाने ठरवू नका. कारण तुमच्या घरात मधल्या काळात बरंच काही बदललंय आणि ग्लिमेपिराइड साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतं, त्यात व्हिनेगरची भर आहेच.

साखर उतरल्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत, मुलीलाही. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ. असं काही दिसलं तर लगेच मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्हाला वाटतंय की व्हिनेगर निरुपयोगी आहे असं कुणी ठामपणे सांगितलं तर मिस्टर गुमान गोळीकडे परततील. त्यांना वाटतंय की आकडा उतरला म्हणजे व्हिनेगर लागू पडलं. दोघांनीही सगळा भार त्या बाटलीवर टाकलाय. पण तुमच्याच पत्रात मध्येच, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की निदान झाल्यापासून मिस्टरांनी स्टेशनबाहेरचा संध्याकाळचा वडापाव सोडला, चहा बिनसाखरेचा केला आणि जेवणानंतर सोसायटीच्या आवारात फेऱ्या सुरू केल्या. ताई, ही तीन कामं साखर उतरवायला चांगली दणकट आहेत. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, रात्रीच्या जेवणानंतर चाललं तर जास्तच. याचं श्रेय त्यांना कुणी दिलं का? व्हिडिओने दिलं नाही, आणि पत्र वाचून वाटलं की तुम्हीही दिलं नाही. कष्ट त्या माणसाने केलेत आणि नाव व्हिनेगरचं होतंय.

शिवाय तो १५४ आणि १३८ चा हिशेब. घरगुती ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यानुसार शंभरच्या वरचा आकडा प्रयोगशाळेच्या मोजणीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे झाला तरी मीटर चांगलाच मानतात. १५४ चे १५ टक्के म्हणजे २३. तुमचा फरक १६ चा. झोप, आदल्या रात्रीचं जेवण, बोटाला लागलेला फळाचा रस, एवढ्यानेही असा फरक पडतो. एका सकाळच्या आकड्यावर गोळी कापायचा निर्णय घेता येत नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, निर्णय त्याच्याच आधाराने व्हावा.

मग व्हिनेगर काहीच करत नाही का? करतं, थोडं करतं. सफरचंदाचा रस आंबवला की यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या अल्कोहोलचं अॅसेटिक अॅसिड करतात. बाटलीत ते साधारण ५ टक्के असतं. तळाशी जो गढूळ, धाग्यांसारखा भाग तरंगतो, ज्याच्यासाठी बाटलीची किंमत चढते, तो त्या जिवाणूंचा आणि त्यांनी तयार केलेल्या सेल्युलोजचा गोळा. त्याने मधुमेहात जास्त गुण येतो असा भक्कम पुरावा नाही. जे काही काम होतं ते अॅसेटिक अॅसिडचं. ते अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे भात-पोळीची साखर रक्तात जरा सावकाश उतरते.

अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरोल जॉन्स्टन यांनी यावर बरंच काम केलंय. २००४ च्या त्यांच्या प्रयोगात पिष्टमय जेवणाआधी पाण्यात मिसळून व्हिनेगर दिलं होतं. ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं होतं पण अजून मधुमेह नव्हता, त्यांच्यात फरक ठळक दिसला. ज्यांना मधुमेह होता त्यांच्यात कमी. २००७ मध्ये त्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना झोपताना दोन मोठे चमचे दिले. उपाशीपोटीची साखर सरासरी ४ टक्क्यांनी उतरली. १५४ चे ४ टक्के म्हणजे सहा. आणि हे मिस्टरांना नक्की वाचून दाखवा: त्या ११ जणांनी आपली नेहमीची औषधं चालूच ठेवली होती.

वजनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो व्हिडिओ त्यावरही बोलत असणार. २००९ मध्ये जपानमध्ये बारा आठवडे रोज व्हिनेगर देऊन बघितलं, तेव्हा वजन एक-दोन किलोंनी उतरलं. २०२४ मध्ये लेबनॉनच्या एका अभ्यासाने तीन महिन्यांत सहा ते आठ किलो घटल्याचा दावा केला आणि ती बातमी जगभर फिरली. त्यातली आकडेवारी विश्वासार्ह नाही असं दिसल्यावर नियतकालिकाने तो अभ्यास सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र ग्रुपवर फारशी फिरत नाही.

डॉक्टर हरकत नाही म्हणाले आणि मिस्टरांना घ्यायचंच असेल, तर पहाटेचे दोन चमचे बंद करून ते जेवणात आणा. परिणाम पिष्टमय अन्नावर होतो, मग रिकाम्या पोटी घेऊन काय साधणार? काकडी-टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीत एक चमचा घाला. प्यायचंच असेल तर मोठा ग्लासभर पाण्यात, जेवणाबरोबर. नुसतं कधीही नाही. व्हिनेगरचा पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल तीव्र), अडीच-तीनच्या आसपास असतो आणि दातांवरचं कवच साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. पिऊन झालं की साध्या पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा-पाऊण तास ब्रश लावायचा नाही. सकाळची लोकल गाठायच्या घाईत व्हिनेगर पिऊन लगेच दात घासणं ही दातांसाठी सगळ्यात वाईट सवय. व्हिनेगरच्या गोळ्या मिळतात त्यांपासून लांब राहा. घशात अडकून अन्ननलिका भाजल्याची नोंद आहे.

काहींनी तर घेऊच नये. मधुमेह जुना होऊन ज्यांचं जठर आधीच मंद झालंय, जेवण तासन्‌तास पोटात तसंच राहतं, त्यांचं व्हिनेगरने आणखी बिघडतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखं लघवी वाढवणारं औषध असेल तर पोटॅशियम उतरायची भीती असते. ऑस्ट्रियातली एक २८ वर्षांची मुलगी कित्येक वर्षं रोज पाव लिटर व्हिनेगर पीत होती. तिचं पोटॅशियम घसरलं आणि हाडं ठिसूळ झाली, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालंय. पाव लिटर आपल्याकडे कुणी पीत नसेल, पण "थोड्याने गुण आला तर जास्त घेऊ" ही वृत्ती आपल्या ओळखीची आहे. अॅसिडिटीवर उपाय म्हणूनही पुष्कळ जण घेतात. ज्याच्या छातीत आधीच जळजळ होते त्याने आणखी आम्ल प्यावं, हे मला पटत नाही आणि त्याला चांगला पुरावाही नाही.

सासूबाईंची पट्टी आजपासून बंद. यात चर्चेला जागा नाही. पातळ झालेल्या त्वचेवर व्हिनेगर रात्रभर कापडाखाली दाबून ठेवलं तर त्वचा भाजते, डॉक्टरांनी अशा भाजण्याची वर्णनं लिहून ठेवलेली आहेत. तुम्ही लिहिता की गुडघा लालसर दिसतो. नुसत्या पाण्याने धुवा, फोड किंवा चिघळणं दिसलं तर दाखवा. पण पट्टी काढताना हातात दुसरं काहीतरी द्या. त्या आईंचा गुडघा खरंच दुखतोय. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्या आणि मांडीच्या स्नायूंचे सोपे व्यायाम एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. त्यांच्या पट्टीचा आणि मिस्टरांच्या गोळीचा विषय एकाच दिवशी काढू नका. दोघं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या दुसऱ्या बाजूला, असं होईल.

मुलीला सांगा की तोंडावर नको. डाग पिंपलचा जातो आणि भाजल्याचा राहतो. केसांना शाम्पूनंतर मगभर पाण्यात चमचाभर घालून शेवटचं पाणी ओतलं तर केस मऊ लागतात, एवढं तिला करू दे, डोळे सांभाळून.

आता मावशींचा ओटा. तुमचा ओटा काळ्या कडप्प्याचा असेल तर व्हिनेगर त्यावर पडता कामा नये. कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आणि संगमरवरही त्याच जातीचा. आम्ल लागलं की चुना विरघळतो आणि दगडावर पांढुरके, निस्तेज डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. जुन्या इमारतींमधल्या मोझेक फरशीतही संगमरवराचे तुकडे असतात, म्हणून तिलाही नको. भांड्यांच्या साबणाचं पाणी पुरे.

यापेक्षा गंभीर गोष्ट बाथरूमची. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आपली बाथरूमं केवढी, खिडकी केवढी! दार लावून आत घासणाऱ्या मावशींच्या छातीत तो वायू भरला तर श्वास अडकतो. टॉयलेट साफ करायच्या ज्या द्रावणात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, त्याचंही ब्लीचबरोबर हेच होतं. मावशींना हे समोर उभं राहून सांगा, कारण बाटलीवरची बारीक अक्षरं त्या वाचत बसणार नाहीत. एका दिवशी एकच वस्तू वापरायची आणि दार उघडं ठेवायचं.

घरकामात व्हिनेगर उपयोगी पडतं ते असं. महापालिकेचं तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मऊ असतं, त्याने नळावर क्षार फारसे साचत नाहीत. पण टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत शॉवरची भोकं बुजतात. तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि धुवून टाका. याला साधं पांढरं व्हिनेगर घ्या, ते कितीतरी स्वस्त पडतं आणि काम तेच करतं. सफरचंदाचं व्हिनेगर जिथे खरंच सरस ठरतं ती जागा म्हणजे चिलटं. आंब्याच्या दिवसांत आढीभोवती घोंगावतात ना, त्यांना आंबलेल्या फळाचा वास हवाच असतो. वाटीत दोन चमचे व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ठेवा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि चिलटं बुडतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र आपली चिंचच बरी, त्यासाठी विकतची बाटली कशाला उघडायची?

तेव्हा बाटली ओतू नका, ताई. ओतलीत तर मिस्टर दुसरी आणतील आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवतील. मग ते काय घेतात हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

मला एका गोष्टीची शंका येते आणि ती तुम्ही त्यांना हळूच विचारावी असं वाटतं. मेटफॉर्मिनने पुष्कळ लोकांचं पोट बिघडतं. वायू धरतो, कळ येते, अचानक जायला लागतं. कांदिवलीहून चर्चगेटला जाणारा माणूस तासभर खच्चून भरलेल्या डब्यात उभा असतो, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. मध्येच उतरून स्टेशनवर जागा शोधायची वेळ ज्याच्यावर एकदा आली, तो घरी येऊन बायकोला हे सांगत नाही. तो गोळी कापतो आणि "केमिकल" म्हणतो. किंवा दुपारचा डबा मीटिंगमुळे लांबला असेल आणि घाम फुटून हात थरथरले असतील. असं काही घडलं असेल तर त्यांची भीती अगदी रास्त आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत. गोळी जेवणाबरोबर घेणं, प्रमाण हळूहळू वाढवणं, प्रकार बदलणं, वेळ बदलणं. हे विचारायचं तर आई आणि मुलीसमोर नको. रात्री ते फेऱ्या मारायला उतरतात तेव्हा बरोबर जा. पहिलं वाक्य वडापाव सोडल्याबद्दलचं असू दे.

तसं काही नसेल आणि त्यांना खरोखरच आयुष्यभराच्या गोळीची धास्ती असेल, तर हेही खरं सांगा की वजन, जेवण आणि चालणं यांच्या जोरावर काहींची औषधं कमी होतात, कधी थांबतातही. ती डॉक्टर कमी करतात, तपासणी बघून, पायरीपायरीने. त्यांचं ध्येय चुकीचं नाही. नैसर्गिकाचा वाद मात्र घालू नका. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीपर्यंत जातं, पण हे सांगून तुम्ही वाद जिंकाल आणि गोळी अर्धीच राहील. आणि तुम्ही जुनाट विचारांच्या नाही. घरात चाललेलं काहीतरी तुम्हाला खटकलं आणि तुम्ही विचारलंत, एवढंच.

ज्या वाचकांना तपासणीच्या आणि गोळ्यांच्या खर्चामुळे बाटली सोपी वाटते, त्यांच्यासाठी: महापालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रांत तपासणी मोफत होते, केईएम, नायर, शीवच्या रुग्णालयांत मधुमेहाचे रुग्ण बघतात, आणि जनौषधी केंद्रांत मधुमेहाची नेहमीची औषधं बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतात.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचं पाकीट, आकड्यांची वही आणि व्हिनेगरची बाटलीसुद्धा घेऊन जा, आणि "हे रोज दोन चमचे घेतात, गोळी अर्धी घेतात" हे मिस्टरांनाच सांगू द्या, तुम्ही तक्रार केल्यासारखं होऊ देऊ नका. मूत्रपिंड, डोळे आणि पायांची तपासणी झालीय का तेही विचारा. मीटरही पिशवीत टाका. उपाशीपोटी प्रयोगशाळेत रक्त दिलं की त्याच वेळी बोट टोचून घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे रिपोर्ट आल्यावर तुमचा मीटर किती वर-खाली दाखवतो ते कळेल.